कापलेला फिल्टर आणि धुळ्याचे जावई

गॅरेजमधले किस्से जुन्या नटबोल्टांसारखे साचतात. डब्यात एक शोधायला जावं, तर चार हाताला लागतात. पण खरं सांगून काय उपयोग? माझ्यावर तर कोणी विश्वासच ठेवला नाही! चौथी शिकलेली बाई, जळगावात मेहरूणला भावाच्या गॅरेजात स्पेअर पार्ट देते, हिला काय कळतं!

*

नव्वद सालच्या आगेमागे धुळ्याहून ऑइल फिल्टरची पेटी आली. माझा भाऊ नाना, त्याच्या जावयाने तिकडे नवं दुकान टाकलं होतं. एक फिल्टर उचलला, तर हलका!

"नाना, ह्याच्या पोटात काही नाही."

"अक्का, तुले काय समजस? जावईना माल शे!"

म्हणजे विषय संपला.

*

मी गप्प बसणारी नाही. जुन्या मालातला एक, धुळ्याचा एक, दोन्ही हॅक्सॉने उभे कापले. जुन्यात कागदाच्या घड्या लुगड्याच्या निऱ्यांसारख्या दाट. वरखाली पत्र्याची झाकणं. तोंडाशी रबर, गाडी बंद केली तरी ऑइल आतच राहावं म्हणून. धुळ्याच्यात घड्या विरळ, झाकणं पुठ्ठ्याची आणि रबर गायब!

आमचा मिस्त्री साहेबराव म्हणाला, "अक्का, गरम ऑइलात हे म्हणजे चहातलं बिस्कीट!"

नाना ओरडला, "कोरा फिल्टर वाया घातला!" आणि दुसरा काढून साहेबरावच्या हातात दिला, "बसव आबांच्या ट्रकला!"

*

नानाची लेक पुष्पा, धुळ्याला दिलेली, आखाजीच्या सणाला माहेरी आली होती. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. लग्नात उखाण्यालासुद्धा पदर तोंडात! दवाखान्यात नर्सने नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं, तर मला कोपर मारते, "आत्या, तू सांग ना!"

नर्स म्हणाली, "लपवतेस काय? फरार आहे का?"

*

त्याच आठवड्यात तो ट्रक वरणगावजवळ इंजिन जाम होऊन उभा राहिला. भर उन्हात आत भरलेली केळी काळी पडली. ट्रकवाले आबा रावेरहून तडक गॅरेजात आले. "चूक कोणाची?"

नानाने क्षणभर विचार केला नाही. "बठ्ठी चूक साहेबरावनी शे. आजपासून तो कामावर नाही!"

साहेबरावने हातातला पाना खाली ठेवला. घरात कमावता तो एकटा. आणि इंजिन जाम केलेल्या मिस्त्रीला जळगावात दुसरं कोण ठेवणार?

ट्रक ओढून गॅरेजात आणलेला होता; त्याचा फिल्टर मी आबांसमोर कापला. पुठ्ठ्याचा लगदा झालेला, कागद चेपून भोकांत बसलेला. ऑइल जाणार कुठून!

"हा माल दिला कोणी?" आबांनी विचारलं.

नाना माझ्यावर धावला, "अक्का, बोललीस तर तू माझी बहीण नाहीस!"

"नको समजूस!" म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुष्पाने चहाचा ट्रे बाकावर ठेवला. डोक्यावरचा पदर नीट केला.

"आत्या, तू नको सांगू."

मग बापादेखत, आबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"वसंत झिपरू सोनवणे."