बैलांमागची मोटार

त्या बैलवाल्याचं नाव मी विचारलं नाही. नाव विचारलं की माणूस दर वाढवतो, हा माझा अनुभव.

पेट्रोल महागलं तेव्हा धनजच्या एका जमीनदाराने गोठ्यात पडलेली जुनी, लांबलचक अमेरिकन मोटार विकायला काढली. मी घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला. तो राग त्याने चारचौघांत काढला. "बैलांमागं चालली, बैलांमागंच परत येईल!" मोटार ओढायला बैलजोडी घेऊन हाच आला होता.

पुढे वर्षभर कारंज्याच्या गॅरेजात इंजिन उघडं पडलं होतं. मला एकच हवं होतं, त्या जमीनदाराच्या फाटकासमोर मोटार चालवत नेऊन भोंगा वाजवायचा. हा मात्र दर बाजाराला यायचा, गॅरेजासमोरच्या कडुलिंबाखाली बैल सोडून तंबाखू मळत बसायचा.

"कायले आला?" मी खेकसायचो.

"मले घाई नाही, भाऊ. लागनच माहं काम."

अखेर एका बाजारच्या दिवशी मोटार निघाली. धनजच्या शिवेपर्यंत झकास गेली आणि बंद पडली. संध्याकाळी मागून घुंगरं वाजली. बाजाराहून परतणाऱ्या ह्याने बंडीचे बैल सोडले, मोटारीला दोर बांधला.

"गावाबाहेरून ने," मी दात खात म्हणालो.

बैल थांबले ते नेमके त्या फाटकासमोर. हा मागे वळून म्हणाला, "काहून गप बसले? भोंगा तं वाजते ना?"

मी संतापून असा भोंगा दाबला की बैलही दचकले. जमीनदार धावत बाहेर आला. ह्याने त्याला हातानेच बाजूला सारलं.

"सरका मालक. भाऊची मोटार आली."