ट्रंकेतला पट्टा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

मी एरंडोलचा शिंपी. गावात रंगीत टीव्ही नुकता आला होता, तेव्हाची गोष्ट. मशीनवर असताना छातीत कळ आली, डाव्या हाताला मुंग्या. हार्टच, असं शेजाऱ्यांनी ठरवूनही टाकलं. जळगावला डॉक्टरांकडे आत मी एकटाच गेलो. त्यांनी कार्डिओग्राम काढला, मग माझी मान वळवली — तर तीच कळ! म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. वाकून वाकून मानेचे मणके झिजलेत. नस दबते, म्हणून छातीत दुखतं. पट्टा लावा."

पट्टा घेतलाही. पण घरी बायकोनं देव पाण्यात घातलेले, डोळे सुजलेले. लग्नानंतर तिनं माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं होतं? अशा वेळी 'मान' म्हणायचं? मी नुसता छातीवर हात ठेवला.

पट्टा ट्रंकेत गेला, कार्डिओग्राम देवघरात. पाहुणे त्यावरच्या रेघा बघून गंभीर व्हायचे.

मग काय — पाण्याचे हंडे तिच्या डोक्यावर, दळणाचा डबा तिच्या डोक्यावर. मी उठलो की म्हणायची, "तुमी बठा. मी करस." आणि मी बसायचो! घरातून मिरची हद्दपार झाली. खानदेशात बिनमिरचीचं भरीत — कल्पना करा. माझ्याबरोबर तिनंही तेच गिळलं. मी मात्र दर महिन्याला 'तपासणीला' जळगावला जाऊन शेवभाजी चापायचो. लाज वाटायची? वाटायची — रस्सा संपल्यावर.

दहाएक वर्षांनी तिच्या छातीत कळ आली. मी खरंच हादरलो. गावातल्या नव्या डॉक्टरांनी तपासलं — मानच. डोक्यावर ओझी वाहून मणके झिजलेले. ती हसतच बाहेर आली, "मन्ही तर मानच शे. तुमनं काळीज शे, तुमी फिकर नका करा."

तेव्हा तरी बोलायचं ना? मी काय केलं — ट्रंकेतला पट्टा पिशवीत घातला, एसटीनं जळगावला नेला आणि तोच परत आणला. नवा म्हणून. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिनं हुंगला, काही न विचारता बांधला.

अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगते, "त्यास्नं काळीज दुखस, तरी मन्हाकरता जयगावले गयात!"

मी मान खाली घालतो. घातली की छातीत कळ येते. आणि ती, पट्टा सावरत, माझ्यासाठी पाणी आणायला उठते.