साडूभाऊंनी न तोडलेलं कुलूप

विचारल्याशिवाय कशालाही हात न लावणारा माणूस म्हणून जालना जिल्ह्यात कुणाचा जाहीर सत्कार करायचा ठरलाच, तर माझ्या साडूंसमोर दुसरं नाव सुचवायला कुणी उठणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्तमानपत्राचं मधलं पान माझ्या हातात असेल, तर बाहेरचं पान सतरंजीवर मोकळं पडलेलं असूनही ते उचलत नाहीत. "तुमचं होऊ द्या बराबर, मंग मी," असं म्हणून समोर मांडी घालून बसतात आणि इतक्या शांतपणे बघत राहतात की मला एकही बातमी धड कळत नाही. लोणच्याच्या बरणीत कुणाचा चमचा असला की तो बाहेर निघून झाकण लागेपर्यंत यांचा हात ताटातच. एकदा त्यांच्या बायकोने वैतागून अख्खी बरणी त्यांच्या ताटाशेजारी आदळली. तेव्हाही त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुझं झालं का घिऊन?"

हे वळण त्यांना त्यांच्या गावच्या, वाटूरच्या विहिरीने लावलं, असं माझं मत आहे. भावाभावांत एक विहीर आणि एकच मोटार. ज्याची पाळी असेल त्याने पाणी घ्यायचं आणि झालं की बांधावरून "सोडलं!" म्हणून हाक मारायची. ती हाक आल्याशिवाय दुसऱ्याने बटण दाबायचं नाही. एकदा एक भाऊ हाक न मारताच परतूरला बाजाराला निघून गेला. साडूभाऊंचा भुईमूग समोर माना टाकत होता आणि हे बांधावर उकिडवे बसून होते. शेजारी म्हणाले, अहो, तो गेला कधीचा, दाबा की बटण. यांचं उत्तर एकच, "त्यानं सोडलं म्हटलं न्हाई." भाऊ संध्याकाळी आला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

असा माणूस पुढे संगणकाच्या धंद्यात आला, आणि तिथेही त्याला त्याच्या स्वभावाला साजेसं यंत्र मिळालं. आमचं ऑफिस जालन्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. साखर कारखान्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. उसाची नोंद, काट्यावरचं वजन, कुणाच्या शेतात तोडणीची टोळी आधी जायची याची पाळी, असं सगळं. एका प्रोग्रॅमवर अनेकजण काम करतात, म्हणून कुणी, कधी, काय बदललं हे सांभाळणारी एक सिस्टीम लागते. आमची सिस्टीम फार जुनी होती. तिच्यात एक फाइल एका वेळी एकानेच उचलायची. उचलली की तिला त्याच्या नावाचं कुलूप. तो काम संपवून ती परत आत ठेवत नाही तोवर बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. साडूभाऊ त्या सिस्टीमचे कारभारी होते. कुणाचंही कुलूप तोडायचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि तो त्यांनी कधीही वापरला नाही. कुलूप पडद्यावर दिसत असलं तरी त्यांनी वर तोंडी नियमही केला होता. फाइल घेताना "उचलली!" आणि ठेवताना "सोडली!" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बियाण्यांच्या दुकानदाराला वर्षानुवर्षं वाटत होतं की आम्ही वर पत्ते खेळतो.

आमच्यातला एकजण स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत फाइल सोडायची विसरला. नेमकी ती फाइल एका कारखान्याला जल्दी हवी होती. साडूभाऊ मोटारसायकल काढून थेट भोकरदनच्या मांडवात पोहोचले. मीही सोबत गेल्तो, कारण जेवण होतं. अक्षता पडल्या, आहेराची रांग लागली, हे रांगेतून स्टेजवर गेले आणि नवरदेवाच्या कानाशी लागले. तो बिचारा मुंडावळ्या सावरत पासवर्ड सांगू लागला तर हे दोन पावलं मागे सरले. "बिलकुल नको. पासवर्ड मला सांगू नको. तू उचलली, तूच सोड. हळद उतरली की ये." नवरीला वाटलं, कुणी तरी घेणेकरी आला. कारखान्याला आम्ही काय सांगितलं ते आठवत नाही, पण फाइल नवरदेवानेच येऊन सोडली. येताना पेढे आणले होते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण एक कुलूप असं होतं की त्याच्याबद्दल ऑफिसात कुणी हसत नसे. साडूभाऊंचा जिवाभावाचा दोस्त आमच्याच ऑफिसात होता. अंकुशनगरचा, कारखान्याच्या वसाहतीतच लहानाचा मोठा झालेला. ऊसतोडणीच्या पाळीची मूळ फाइल त्यानेच लिहिलेली. कुणाच्या शेतातला ऊस जळाला तर तो वाळायच्या आत गाळावा लागतो, म्हणून जळीत उसाला पाळी मोडून पुढे घ्यायचं, ही सोय तो तिच्यात घालत होता. एका दुपारी त्याने "उचलली!" म्हणून आवाज दिला, थोडं काम केलं, अंगात कसकस आहे म्हणून घरी गेला. कोरोनाचा उन्हाळा होता तो. परत आलाच नाही.

फाइल त्याच्या नावाने कुलूपबंद राहिली आणि अर्धवट काम त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलं. साडूभाऊंनी त्या कॉम्प्युटरवर कापड घातलं. दसऱ्याला तेवढं कापड काढून झेंडूचं फूल वाहायचे आणि परत घालायचे. पाळीच्या हिशोबात काही नवं करायचं झालं की आम्ही ती मूळ फाइल सोडून आजूबाजूला दुसऱ्या फाइली लिहायचो. दरवेळी लांबचा वळसा. कारखान्यातले कारकून जळीत उसाची पाळी हाताने पुढेमागे करायचे आणि आम्हाला शिव्या घालायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "साडूभाऊ, तोडा की आता ते कुलूप." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याच्या हाती हाये ती पाव्हणं," एवढंच म्हणाले.

मग टीमला नव्या मॅडम आल्या. त्या मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या. काही वर्षं पुण्यात काढून, आईवडिलांसाठी परत आलेल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमची "उचलली, सोडली" ऐकली, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मालकांकडून मंजुरी आणली. गळीत हंगामाच्या आत सगळं गिट नावाच्या नव्या सिस्टीमवर न्यायचं. मीटिंगमध्ये त्या फळ्यावर चौकोन काढून समजावत होत्या की गिटमध्ये कुलूप नाही, प्रत्येकाकडे सगळ्या फाइली सगळ्या इतिहासासकट असतात, ज्याने त्याने आपापलं काम करायचं आणि मग सगळ्यांचं एकत्र करायचं. साडूभाऊ उठून उभे राहिले. "म्हंजे एका विहिरीवर समद्यांनी एकदम मोटारी टाकायच्या?"

"काका, हितं ज्याच्या त्याच्या बांधावर अख्खी विहीर हाये," मॅडमही आपल्या बोलीवर आल्या.

"अन् दोघांनी एकच ओळ बदलली तर?"

"मंग दोघांनी बसायचं अन् मिटवायचं."

"कोन बसतंय मिटवायला?" असं म्हणून ते खाली बसले आणि त्यानंतर त्यांनी असहकार पुकारला. गिटच्या शिकवणीला यायचे, पण वही पेन न घेता. सराव करायला सांगितला की म्हणायचे, कॉम्प्युटर हळू चालून राह्यलाय. ऑफिसातल्या तरुण पोरांना वाटलं, म्हातारा नव्याला भ्याला. मलाही आधी तसंच वाटत होतं आणि मी त्यांना घरी चार गोष्टी ऐकवल्याही. मग एकदा आम्ही दोघंच टपरीवर उभे असताना ते अचानक बोलू लागले.

"पाव्हणं, कुलूप तोडलं तर सिस्टीमच्या लेखी त्यानं ती फाइल हाती घेतलीच न्हाई. त्यानं केलेलं काम ग्येलं. माझ्या नावानं आत टाकलं तर चोरी. त्याच्या नावानं आत शिरून टाकलं, तर मेल्या माणसाची खोटी सही केल्यागत. तिन्ही न्हाई जमत मला. म्हणून ऱ्हाऊ दिलं. अन् आता हे तुमचं गिट. तिथं कुलूपच न्हाई. म्हंजे जल्दी जल्दी समदं तिकडं न्यायचं, अन् हा हितंच ऱ्हायचा."

मी ही गोष्ट मॅडमना सांगितली. हे साडूभाऊंना न विचारता केलं, त्याबद्दल ते मला पुढे बोलले, पण मला त्याचं काही वाटत नाही. मॅडम लगेच साडूभाऊंच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या. "काका, गिटमध्ये दोन नावं असतात. लिहिणाऱ्याचं येगळं, आत घेणाऱ्याचं येगळं. तारखा बी दोन. त्यानं ज्या दिवशी लिहिलं तो दिवस त्याचा. तुम्ही आत घेतलं तो तुमचा. कुणाचं नाव कुणाला खात न्हाई."

"दोन्ही ऱ्हात्यात?" साडूभाऊंनी विचारलं.

"कायम राहतात."

त्यांनी पुन्हा विचारलं. मॅडमनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी खरं काय ते बघायला सरावाची एक फाइल करून घेतली, लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं, आत घेणाऱ्याच्या जागी स्वतःचं, आणि चष्मा वर करून पडद्याला नाक लागेपर्यंत वाकून ते वाचलं. त्या दिवसापासून शिकवणीला पहिले हजर तेच. मॅडमना इतके प्रश्न विचारले की त्या एकदा "काका, मला जेवू तरी द्या" म्हणाल्या. हे ताबडतोब बाहेर जाऊन थांबले, त्यांचा डबा संपेपर्यंत.

जुना सगळा इतिहास गिटमध्ये आणून झाला. ज्याने त्याने केलेला एकेक बदल त्याच्या नावाने नीट उतरला होता. मग साडूभाऊंनी त्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. अर्धवट काम बाहेर निघालं तेव्हा आम्ही सगळे मागे उभे होतो. थोडंच होतं. ऊस जळाला असेल तर, एवढी अट लिहिलेली आणि पुढचा कंस रिकामा. एकजण म्हणाला, हे असं चालणारच नाही, पुरं करूनच एकदम आत घेऊ. "न्हाई," साडूभाऊ म्हणाले, "त्यानं जितकं केलं तितकं त्याचं. पुढचं माझं. एकात एक करायचं न्हाई." मॅडमनी त्यांना बाजूला वेगळी फांदी काढून दिली, म्हणजे अर्धं काम मूळ प्रोग्रॅमला धक्का लावणार नाही. त्यांनी दोस्ताचं नाव एकेक अक्षर बघून टाइप केलं. ती जुनी तारीख घातली. बटण दाबलं. पडद्यावर दोघांची नावं एकाखाली एक आली, वर त्याचं आणि खाली यांचं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि रिकामा कंस भरायला घेतला. दिवेलागणीपर्यंत ते काम पुरं झालं आणि मूळ प्रोग्रॅमला जाऊन मिळालं.

रविवारी आम्ही अंकुशनगरला गेलो. दोस्ताच्या बायकोला, वहिनींना सांगायलाच पाहिजे, असं साडूभाऊंचं म्हणणं. मला वाटत होतं, त्या माउलीला फाइल आणि गिट यातलं काय समजणार, उगीच जखमेवरची खपली काढायची. वहिनींनी चहा ठेवला. साडूभाऊंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. फाइल म्हणजे काय, कुलूप म्हणजे काय, त्या दुपारी त्याने ती कशी उचलली, आणि ती आपण इतकी वर्षं कशी कुणाला घेऊ दिली नाही. वहिनी चहाचे कप पुढे ठेवून, पदर हातात गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हंजी इतके दिस तुमी त्यांना कामावरच ठिवलं व्हतं, भाऊजी?"

"व्हय वहिनी. मला वाटलं, त्याची फाइल दुसऱ्याला कशी देऊ."

वहिनी हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, मी एकलीच त्यांची वाट बघत बसले."

साडूभाऊ ओक्साबोक्शी रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. स्मशानातही नाही, कारण तेव्हा कुणाला जाऊच दिलं नव्हतं. मलाही आवरेना. वहिनी मात्र रडल्या नाहीत. त्यांनी साडूभाऊंच्या समोरचा कप उचलला, माझाही उचलला, आणि निवलेला चहा परत गरम करायला आत नेला.