आदर्श कर्जदार

"टाळ्या कमी पडल्या," चेअरमन माइकवर म्हणाले, आणि भरलेल्या मंगल कार्यालयानं माझ्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी स्टेजवर उभी होते. अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. पतसंस्थेची वार्षिक सभा होती आणि त्यांनी मला आदर्श कर्जदार ठरवलं होतं. राहात्यात कुणी माझा सत्कार करील असं सात जन्मांत वाटलं नव्हतं. ठेवणीतली साडी नेसून गेले होते. कोमल, माझी मुलगी, सोबत आली होती. मागच्या रांगेत बसून ती मोबाईलवर माझे फोटो काढत होती.

मग चेअरमननी माझी कहाणी सांगायला घेतली. नवरा अंथरुणाला खिळलेला. घरात ही एकटी कमावती बाई. शिर्डी रोडच्या लॉजवर चादरी धुते. पण तीन वर्षांत एक हप्ता चुकला नाही. इथपर्यंत ठीक होतं. खोटं काहीच नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत होते आणि खरं सांगते, मनातून सुखावले होते.

"आता पुढचं ऐका," ते म्हणाले. "यांची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे ताईंच्या हातात होते. पण ताई आधी कुठं गेल्या? आपल्या शाखेत. मुलीचं शिक्षण थांबलं, हप्ता थांबला नाही. याला म्हणतात संस्कार."

पुन्हा टाळ्या.

कोमलचा मोबाईल खाली आला. मला तेवढंच दिसलं.

तिला हे माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी तिला सांगितलं होतं, ते पैसे तुझ्या वडलांच्या तपासण्यांना गेले. वडलांसाठी गेले म्हणून पोर एक शब्द बोलली नव्हती. मी एक वर्ष थांब म्हणाले, ती दोन वर्षं थांबली. मी लॉजवर, आणि ती घरात बापाचं हागणं-मुतणं काढत. आणि आता खरं काय ते ती लाउडस्पीकरवर ऐकत होती. परक्या माणसाच्या तोंडून. टाळ्यांसकट.

चेअरमनना हे कुणी सांगितलं? मीच. महिनाभर आधी वसुलीचे साहेब घरी आले होते, एक छापील फॉर्म घेऊन. तिशीतला माणूस, बोलायला साखर. ताई, तुमचं काहीतरी प्रेरणादायी सांगा, म्हणाले. कोमल तेव्हा दळण आणायला गेली होती. मला आजवर कुणी असं समोर बसून काही विचारलं नव्हतं. मी भडाभडा सगळं ओकले. हेही सांगितलं, वर मोठेपणानं सांगितलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

माझ्या सत्काराआधी पुण्याहून आलेल्या एका वक्त्यांचं भाषण झालं होतं. कोट, गळ्यात माइक, स्टेजवर इकडून तिकडं फिरत बोलत होते. एका पगारात कर्ज फेडताना मन खचू द्यायचं नाही, म्हणाले. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी कर्जमुक्त होणार. चहा सोडा, हॉटेल सोडा. अंथरूण पाहून पाय पसरा. मी दिवसभर दुसऱ्यांची अंथरुणं धुते, म्हणून मला हसू आलं. डाग काढायच्या पावडरीनं माझी बोटं उलली आहेत. आणि चहातलं दूध आम्ही बंद केलं त्याला दीड वर्ष झालं होतं. सोडायला काय उरलं होतं ते त्या माणसानं येऊन दाखवायला पाहिजे होतं. पण तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

मी तसं का केलं, पोरीचे पैसे तिकडं का भरले, हे मला आता सांगितलंच पाहिजे. सबब म्हणून नाही.

आम्ही मूळचे शेवगावकडचे. आईबाप ऊसतोडीला जायचे. जायच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. एका वर्षी बाप काविळीनं पडला, उचल अंगावर राहिली. मुकादम दारात आला. काय काय बोलला ते गल्लीनं ऐकलं. माझ्या बापानं, अंगात ताप असताना, त्याचे पाय धरले. मी नऊ-दहा वर्षांची होते. बाप गेला त्याला आता लई वर्षं झाली, पण डोळे मिटले की तो मला वाकलेलाच दिसतो. मुकादम गेल्यावर तो मला म्हणाला होता, "उचल अंगावर हाय तवर मान वर करायची न्हाई."

मी ते धरून ठेवलं. लग्न झालं, राहात्याला आले. मालक दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते, पेरूची खोकी नेऊन टाकायचे. उधार साधी काडेपेटी आणली नाही आम्ही. मग एका सकाळी टेम्पोत चढताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. नगरच्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं. तेव्हा पतसंस्थेत गेले. दीर जामीनदार झाले. कारखान्यात कायम आहेत, त्यांची पगारपावती चालली.

दोन वर्षांपूर्वी प्रवेशाचे पैसे हातात आले ते माझं डोरलं मोडून. त्याच आठवड्यात लॉजचा पगार लांबला आणि वसुलीचे साहेब दारात आले. काही वाईट बोलले नाहीत. चपला काढून उभे राहिले फक्त. पण दारात माणूस उभा राहिलेला बघून मला मुकादम दिसला. मी घरात गेले, डब्यातून कोमलचे पैसे काढले आणि शाखेत जाऊन भरून आले. उरलेले पुढच्या दोन हप्त्यांना ठेवले. त्या दिवशी मला हलकं वाटलं. पोरीचं वर्ष गेलं आणि मला हलकं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

सभेहून घरी आल्यावर कोमलनं बापाला भरवलं, तोंड पुसलं, कूस बदलून दिली. मी शाल घडी करत बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली.

"मला इचारलं असतंस तर मी हो म्हनले असते," ती म्हणाली. "तू इचारलंच न्हाईस."

तिनं भांडायला पाहिजे होतं. शिव्या द्यायला पाहिजे होत्या. ती पाणी भरायला गेली.

मला वाटलं, झाली तेवढी शोभा पुरे झाली. पण चार दिवसांनी वसुलीचे साहेब लॉजवर आले. रविवारी आमच्यासोबत गाडीत चला, म्हणाले. एका थकबाकीदार बाईकडं जायचंय. तुम्ही नुसतं दोन शब्द सांगा, तुम्ही कसं जमवता ते. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं. या महिन्याचं व्याज सोडायचं बघतो. आणि येताना ती शाल घेऊन या, बरं दिसतं.

मी गेले. कुणी बळजबरी केली नव्हती. व्याज सुटेल म्हणून गेले.

राहात्याबाहेरची वस्ती. पत्र्याच्या खोलीत पिठाची गिरणी. गिरणीवाली माझ्याच वयाची, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. गिरणीसाठीच कर्ज काढलेलं, मधे मोटर जळाली, चार हप्ते थकले. साहेबांनी मला पुढं केलं. भर दुपारी, अंगावर शाल घेऊन मी त्या दारात उभी. बाईनं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"एवढ्या उन्हात शाल कशापायी, बाई? बरं न्हाई का?"

दळणाला आलेल्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं मात्र टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. तांब्याभर पाणीही दिलं.

साहेबांनी सुरू केलं. ह्या ताईंकडं बघा, तुमच्यापेक्षा हलाखीत आहेत. आणि माझी कहाणी पुन्हा तशीच्या तशी, चेअरमनच्या शब्दांत, सांगितली. नवरा, चादरी, नर्सिंग, संस्कार. गिरणीवालीनं ऐकून घेतलं. साहेबांकडं न बघता मला विचारलं, "पोरीचं शिक्षन मोडून हप्ता भरला व्हय?"

मी व्हय म्हणाले.

"माजी पोरगी फार्मसीला हाय नगरला. तिची फी भरली म्हून ह्यो मानूस आज दारात हुबा हाय. ऱ्हाऊ दे हुबा. हप्ता पुढल्या सालीबी भरता येतोय. पोरगी परत अठराची हुती का?"

ती रागानं बोलली नाही. दळणाचा भाव सांगावा तसं बोलली. थकबाकीदार बाई. दारात वसुली, गल्ली बघतेय, आणि तिची मान सरळ होती. माझा एक हप्ता थकला नव्हता आणि माझी मान खाली होती. बापानं सांगितलेलं मला आयुष्यात पहिल्यांदा खोटं वाटलं. बाप खोटा नव्हता. त्याच्याकडून ते वदवून घेतलं होतं. आणि त्या दिवशी माझ्याकडूनही तेच वदवून घ्यायला मला गाडीत घालून आणलं होतं. मुकादम दारात यायचा तेव्हा निदान एकटा यायचा. दुसऱ्या उचलवाल्याला शाल पांघरवून सोबत आणत नव्हता.

"सांगा ना ताई, तुम्ही कसं जमवता," साहेब म्हणाले.

"काय सांगू?" मी म्हणाले. "पोरीला फसवून जमवते, हे सांगू?"

मी शाल काढून त्यांच्या गाडीच्या सीटवर ठेवली आणि चालत निघाले. मोठा पराक्रम केला असं काही वाटलं नाही. ऊन फार होतं. पाऊण तास चालले आणि वाटेत दोनदा बसले.

घरी आल्यावर कोमलला म्हणाले, नर्सिंगचे प्रवेश अजून चालू असतील, चौकशी कर. ती म्हणाली, आता काय उपयोग. तिच्या बरोबरीच्या पोरी पुढच्या वर्षी बाहेर पडतील. बापाला कोण बघणार? फी कुठून आणणार? तिचं एकही म्हणणं चुकीचं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन स्वतःच कॉलेजात गेले. बाकावर तासभर बसवून क्लार्कनं सांगितलं, जागा आहे, पण पहिला टप्पा या महिन्यात भरावा लागेल. फॉर्म घेऊन आले.

पगार झाला. दहा तारखेला शाखेत गेले आणि अर्धाच हप्ता काउंटरवर ठेवला. साहेब आतून आले. बाकीचे कुठंयत, म्हणाले. मी म्हणाले, पोरीच्या फीला ठेवलेत. त्यांचा गोडवा तिथंच संपला. जामीनदाराचा पगार कापू, म्हणाले. दंडव्याज लागेल. थकबाकीदारांच्या फ्लेक्सवर चौकात फोटो लागेल, मग पोरीला स्थळं कशी येतात बघा. शाखेतली सगळी माणसं ऐकत होती.

"बुडवनार न्हाई," मी म्हणाले. "पन आधी पोरगी, मग मालकाच्या गोळ्या, मग तुमी."

"असं चालत नसतं, ताई."

"माज्या घरात चालतं."

त्यांनी अर्ध्या हप्त्याची पावती दिली. द्यावीच लागली.

पगार कापणार म्हणून शाखेतून फोन गेला होता, त्याच संध्याकाळी दीर आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. वहिनी, आमच्या लेकरांच्या तोंडातला घास काढला तुम्ही, म्हणाले. खरं होतं तेही. मी ऐकून घेतलं. त्यांच्या पगारातून कापतील ते मी त्यांना फेडीन, तेही माझ्या अंगावर आलं. मालक खाटेवरून सगळं ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण वारं गेल्यापासून ते तसंही गळतं. मला कळलं नाही कशाचं ते.

सुटका दिसत नाही. कर्ज आधी तीन वर्षांचं उरलं होतं, आता किती वर्षांचं झालं ते मी विचारलंही नाही. मालक उठून बसतील असं डॉक्टरही आता म्हणत नाहीत. कोमल दिवसाची कॉलेजात गेली तर मला लॉजची रात्रपाळी मागावी लागेल. ती जाईलच असंही नाही. फॉर्म चार दिवस झाले टेबलावर पडून आहे. तिनं अजून सही केलेली नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिनं मला माफ करावं असं मी तिला म्हणणार नाही.

ती सही करो न करो, ते पैसे डब्यात तिचेच राहतील. दारात कुणीही येऊन उभं राहू दे, चेअरमन येऊ दे, पोलिस येऊ दे, मी त्या डब्याला हात लावणार नाही. कर्ज फेडीन. मरेपर्यंत फेडावं लागलं तरी फेडीन. पण पगार झाला की पहिली नोट कुणाच्या हातात पडायची, हे मी ठरवणार. संस्थेनं रांगेत थांबावं. मी आयुष्यभर थांबले.