ड्रेसवाल्याकडे विणकर मिळत नाही

तुमचे पणजोबा रोज कामाला जाताना अंगात काय घालायचे, सांगता येईल? राजे काय घालायचे ते विचारत नाही. ते तुम्हाला पाठ आहे, टोपावरच्या तुऱ्यासकट. मी तुमच्या घरच्या माणसाचं विचारते आहे. नाही ना येत सांगता? मलाही येत नव्हतं, आणि मी भिवंडीची आहे, जिथे झोपेतसुद्धा कानात लूम चालू असतो.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा दिवसा कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी मोर्चांची पत्रकं लिहायचे. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. पत्रकाची रीत सरळ असते. आधी वाचणाऱ्याला कोंडीत पकडायचं, मग घडलं ते सांगायचं आणि शेवटी मागणी ठेवायची. इथेही तेच करणार आहे.

आमच्या वाचनालयाने वर्धापनदिनाला ‘आपलं जुनं गाव’ अशी मिरवणूक काढायचं ठरवलं. जुन्या काळची माणसं जुन्या कपड्यांत चालणार. माझी एक मैत्रीण वाचनालयात माझ्याबरोबर काम करते. तिच्या वडिलांचे इथेच नारपोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत आणि त्यांचे आजोबा हातमागावर बसायचे. तिने सभेत विचारलं, “जुन्या गावात विणकर नव्हते का?” अध्यक्ष म्हणाले, “होते की, घ्या.” पेढा वाटावा तसे म्हणाले.

तिचे वडील, आमचे चाचा, एवढी वर्षं गावातली प्रत्येक मिरवणूक कारखान्याच्या दारात उभं राहून बघत आले होते. आत कुणी बोलावलं नव्हतं. मैत्रिणीने विचारल्यावर त्यांनी आधी लूम बंद केला. मग म्हणाले, “येतो. पण आजोबांच्या कपड्यात येणार. बंडी, लुंगी, टोपी. मला शिपाई बनवून नेणार असशील तर आत्ताच नाही सांग.”

शिपायाचं ते का म्हणाले, ते आम्हाला ड्रेसवाल्याकडे कळलं. शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि मंडळांना कपडे भाड्याने देणारं हे दुकान. दोन मोठे दांडे भरून साटीन टांगलेलं, एक भगवं, एक हिरवं. मधे एका खिळ्यावर परी.

“हिच्या वडिलांसाठी विणकराचा ड्रेस आहे का?” मी विचारलं.

“तो कोण?”

“कापड विणणारा. साधा माणूस.”

“साधा माणूस ठेवत नाही आम्ही. कोण नेणार भाड्याने?” त्याने मैत्रिणीकडे पाहिलं, तिच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं आणि हिरव्या दांड्यावरून एक अंगरखा काढला. “हा घ्या. सरदार. खानसाहेबांना फिट बसेल. दाढी आणि तलवार सेटमध्येच.”

“माझे अब्बा लूम चालवतात,” मैत्रीण म्हणाली.

“मग सरदार झाले तर वाईट काय आहे?”

म्हणजे इतिहासात माणसं दोनच. एक आपला, एक त्यांचा, दोघेही साटीनमध्ये. शेत कुणी नांगरलं नाही, खाडीतून मीठ कुणी वाहिलं नाही, आणि ते साटीन आभाळातून पडलं.

मग आम्ही विकत घ्यायला निघालो. फोनवर मागवायला गेलो तर ‘पारंपरिक’ या नावाखाली सगळं नायलॉन. ठाण्याच्या हातमाग प्रदर्शनात खरा सुती सदरा मिळाला. त्याची किंमत वाचून मी तो पुन्हा घडी घालून ठेवला. विकणारी बाई गोड आवाजात म्हणाली, “याला एक साधेपणा आहे.” साधेपणा परवडायला आता गाडी आणि बंगला लागतो.

उरलं जुन्या घरांमध्ये मागणं. आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आहेत. शिक्षक, वकील, कारकून. प्रत्येकाला आपल्या घराण्याचा अभिमान आहे. मी दारोदार गेले. कुणाकडे पूर्वजाची तलवार होती, म्हणजे होती असं ऐकलेलं होतं. आजोबांचा रोजचा सदरा एकाही घरात नव्हता. एक काकू म्हणाल्या, “अगं, ते जुनेर कोण ठेवतंय? बोहारणीला दिलं.”

आमच्याही घरी तेच. आईने आजीची सगळी लुगडी बोहारणीला घातली आणि मोठं स्टीलचं पातेलं घेतलं. मी बोलले तर म्हणाली, “लुगडं काय भाषण करणार होतं? पातेल्यात निदान भात होतो.” बोहारणीला मी दोष देत नाही. ती निदान कपडा उजेडात धरून, हात फिरवून बघायची. आपण तेवढंही केलं नाही.

शेवटी चाचांनीच कारखान्याच्या माळ्यावरून एक सुती तागा काढला. त्यांच्याकडे आता सगळं पॉलिस्टर निघतं, हा जुना राहिलेला होता. कोरं, मळकट पांढरं कापड. आई शिवणकाम चांगलं करते. तिने चाचांची मापं घेतली, बंडी, लुंगी आणि टोपी शिवली. बेतशीर बसली. पण दिसत होती नवी कोरी. मी म्हटलं, जुनी दिसली पाहिजे. त्याच पातेल्यात आम्ही चहाची पूड उकळली आणि कपडे त्यात बुडवले.

सकाळी बंडी वाळली. चाचांनी डोक्यातून घातली आणि ती खांद्यावरच अडकली. हात वर, तोंड बंडीत. मैत्रीण ओढायला गेली तर आतून आवाज आला, “थांब, मेरी माँ, मान जाईल.”

कोऱ्या कापडाला खळ असते, पाणी लागलं की ते आटतं. शिवण्याआधी धुवायचं असतं, हे कुठल्याही गावच्या शिंप्याला ठाऊक. आमच्या लक्षात आलं नाही. आईने आयुष्यभर दुकानातलं धुऊन आलेलं कापड शिवलं. आणि कोऱ्या कापडाच्या गावात असून ते भिजलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. इथे विणायचं, टेम्पोत भरायचं, धुणं-रंगवणं दुसऱ्या गावाला. चाचा खाटेवर बसून हसत होते. “सगळी उमर विणत आलो,” ते म्हणाले, “पण आपलं कापड ओलं झाल्यावर काय करतं, आज बघितलं.” हसू थांबल्यावर त्यांनी बंडीची घडी घातली आणि मुलीला हळूच विचारलं, “मग राहू दे का या वर्षी?”

आईने ती घडी त्यांच्या हातातून ओढून घेतली. उरलेलं कापड आधी पाण्यात घातलं, वाळवलं, बंडीच्या दोन्ही बाजू उसवून त्यात पट्ट्या घातल्या. टोपीचं तसंच केलं. लुंगीला खाली एक पट्टा जोडला. मधे चहाचा रंग, कडेला पांढरा. जोड लांबून दिसत होते. चाचांनी घातली आणि हात वर करून पाहिले. या वेळी ते खालीही आले.

मिरवणुकीच्या सकाळी अध्यक्ष आम्हाला बघून वाचनालयाच्या पायऱ्या उतरून खाली आले. “हे काय, ठिगळं? लोक म्हणतील वाचनालयाने भिकारी आणले. मी सोय करून ठेवलीय, सरदाराचा ड्रेस आणलाय. चाचांना शोभेल.”

“काका, हा विणकर आहे,” मैत्रीण म्हणाली.

“विणकराने चांगलं कापड घालू नये का?”

“घालायचं होतं, साहेब,” चाचा म्हणाले. “पण चांगलं होतं ते तुम्हाला विकलं. आणि तलवार मला धरता येत नाही. धोटा असेल तर द्या.”

धोटा त्यांनी स्वतःच आणला होता, हातमागावर आडवा धागा नेणारा, लाकडी, खिशातून बाहेर डोकावणारा. अध्यक्षांनी आम्हाला सगळ्यात मागे, जनरेटरच्या गाडीमागे घातलं. भाडं भरून झालेलं असल्याने तो हिरवा अंगरखा शेवटी त्यांच्या जावयाने घातला. दाढी सारखी घसरत होती.

पुढे राजांबरोबर फोटो काढायला झुंबड होती. आमच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. चाचा धूर खात, धोटा हातात धरून संपूर्ण रस्ता चालले. आपल्या कारखान्यासमोर आले तेव्हा दारात त्यांचे कामगार उभे होते. एकाने ओरडून विचारलं, “सेठ, ये किसका कपडा है?” चाचा म्हणाले, “दादा का.”

दुसऱ्याच दिवशी ड्रेसवाला वाचनालयात आला. ती बंडी विकणार का, म्हणाला. असा आयटम त्याच्याकडे नाही. मैत्रिणीने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

आता मागणी. पुढच्या मिरवणुकीत हमाल हवेत, गवत कापणाऱ्या बाया हव्यात, मिठागरावरची माणसं हवीत, आणि त्यांचे कपडे कुठल्याच दुकानात नाहीत. ते असलेच तर तुमच्या माळ्यावरच्या गाठोड्यात आहेत. बोहारीण दारात येण्याआधी ते गाठोडं सोडा. एक रोजचा, विटलेला, ठिगळ लावलेला कपडा बाजूला काढा. तो कोणाचा होता आणि तो माणूस काय काम करायचा, हे एका चिठ्ठीवर लिहा आणि टाचणीने त्याला लावून ठेवा. घरात सांगणारं कुणी जिवंत आहे तोवर, आजच.