लाल कल्ला

पुलाखाली मासे विकणाऱ्या सखूबाईंची एक लकब मला फार आवडते. गिऱ्हाईक थांबलं, की त्या अंगठ्यानं माशाचा कल्ला उचलून दाखवतात. आत लालभडक दिसलं की मासा ताजा. पुढे बोलायचं कामच नाही.

परवा मी म्हटलं, "मावशी, नदीच्या वरच्या अंगाच्या कारखान्यांमुळे इथल्या माशांत शिसं सापडलंय म्हणे."

त्यांनी शांतपणे कल्ला उचलला. "बघा की ताई. हाय का कुठं काय?"

दिसत काहीच नव्हतं. पाण्यात विरघळलेल्या शिशाला ना रंग, ना वास. मला त्या माशाचंही वाईट वाटलं. त्यानं याच कल्ल्यातून अख्खी नदी आत घेतली, आणि त्यालाही काही कळलं नाही. पिढ्यान्पिढ्या खरी ठरलेली ही खूण आपणच खोटी करून टाकली.

टोपलीत एक मोठी मरळ बाजूला ठेवलेली होती. मी विचारलं, तर त्या हसल्या. "ती इकायची न्हाई. लेक बाळंत झालीया. मरळीनं अंगात ताकद येती."

मग माझ्या बोलण्याचा मान राखावा, तशी त्यांनी ती मरळ उचलली आणि नदीच्या पाण्यात पुन्हा एकदा स्वच्छ धुतली.