पावडरीचं तळं आणि साधं तळं

तळ्याच्या बुडाशी गाळ कधी साचतो ते कळत नाही. वरून पाणी छान दिसतं आणि एक दिवस पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत! आमच्या मत्स्यबीज केंद्रातले किस्सेही असेच साचले. नोकरीत असताना वाटायचं, इथे काय घडतंय? सकाळी खाद्य, संध्याकाळी खाद्य. आता आम्ही चार जुने लोक चहाला जमलो की आतून बायको ओरडते, "आज मासे नकोत हं!"

पण मासे येतातच.

केंद्र वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) गावाच्या पुढे कोसभर. काळ सत्तरच्या दशकाचा शेवट आणि ऐंशीची सुरुवात. सहा तळी, एक गोदाम, एक ऑफिस. मी वर्ध्याहून एसटीनं येणारा क्लार्क, गोदामाच्या किल्ल्याही माझ्याकडेच. ठोंबरे साहेब पुण्याकडचे. माशांच्या खाद्यात काय मिसळलं म्हणजे ते भराभर वाढतील, हा एकच ध्यास! रामदास हा कायम नोकरीतला चौकीदार. आणि महादेवराव, खाद्य टाकणारे. काम रामदासच्या बरोबरीचं, किंबहुना जास्तच, पण अकरा वर्षं रोजंदारीवर. त्यांची बायको शांताबाई, तीही रोजंदारीवरच. ती ढेप, म्हणजे पेंड, कुटायची आणि भाताच्या कोंड्यात कालवून तिचे गोळे वळायची.

महादेवराव कायम व्हावेत असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. त्यांना स्वतःला मात्र तळ्यातल्या कटला माशांचं पोट भरलं का, याचीच काळजी.

* * *

शेंगदाण्याच्या ढेपेची पोती आली की साहेब नमुना बाटलीत भरून नागपूरला पाठवत. रिपोर्ट यायला तीन आठवडे. महादेवराव एक तुकडा मोडून तोंडात टाकत, दोनदा चावत आणि "चालते" किंवा "खवट हाये" असा रिपोर्ट जागेवर देत. नागपूरचा रिपोर्ट नंतर येऊन त्यांच्याशी सहमत व्हायचा!

एकदा साहेब वैतागून म्हणाले, "अहो, माशांचं खाद्य तुम्ही का खाता?"

"साहेब, जे आपल्या तोंडाले चालत नाई, ते त्याईच्या तोंडात काऊन घालाचं?"

पुढे सुकटीच्या भुकटीचं पोतं आलं. आली का पंचाईत! महादेवराव मासे खात नसत. केंद्रावर लागले त्या वर्षीच त्यांनी सोडले होते. "आपल्या हातानं चारलं त्याईले खावाचं कसं?" पण चाखल्याशिवाय तळ्यात टाकायचं नाही, हा नियमही त्यांचाच. पोत्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग चिमूटभर भुकटी घेऊन त्यांनी हाक मारली,

"रामदास, इकडे ये. आ कर!"

* * *

महादेवरावांना बिडीचा खोकला होता. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून ते खोकले की मासे समजायचे, जेवण आलं. पाणी नुसतं फसफसायचं.

एकदा ते भाचीच्या लग्नाला अल्लीपूरला गेले. चार दिवस खाद्याचं काम रामदासकडे. त्यानं सकाळी गोळे टाकले. एक मासा वर येईना! साहेब घाबरले. पाणी तपासलं, रोग तपासला, मला पुस्तक काढून वाचायला लावलं. संध्याकाळीही तेच.

शेवटी रामदासच्याच डोक्यात आलं. "साहेब, हे खोकल्याची वाट पाहून राह्यले!"

साहेब हसले. रामदास खोकला. आणि तळं उकळायला लागलं!

महादेवराव परत आले तोवर रामदासचा घसा खरोखर बसला होता. महादेवरावांनी काळजीनं विचारलं, "काऊन रे, कशाचा खोकला हाये हा? दवाखान्यात जाजो बावा."

"दवाखान्यात तूच जाय! तुहाच खोकला हाये तो!"

* * *

साहेबांनी एकदा नदीतले झिंगे आणून सिमेंटच्या टाकीत सोडले. झिंगा वाढताना कात टाकतो आणि नवी पाठ घट्ट होईपर्यंत लोण्यासारखा मऊ असतो. तेवढ्यात त्याचे भाऊबंदच त्याला खाऊन टाकतात. साहेब म्हणाले, खाद्यात चुन्याचा अंश कमी पडतोय. मग अंड्यांची टरफलं कुटून झाली, खनिजांची पूड घालून झाली. रोज सकाळी दोन-चार झिंगे कमीच.

शांताबाई चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी तिनं डोक्यावर पाटीभर जुनी कवेलू, म्हणजे कौलं, आणली आणि टाकीत उलटी मांडून ठेवली.

"हे काय?" साहेब ओरडले.

"बाळंतिणीले आडोसा लागते ना साहेब? तसंच हे. अंग घट्ट होतवर लपाले जागा नको?"

झिंगे खरंच वाचले. साहेबांनी तिचं फार कौतुक केलं. दोन दिवसांनी धो धो पाऊस आला आणि महादेवराव भिजून, तोंड उतरवून ऑफिसात आले.

"बाबू, एखादी ताडपत्री हाये का? आमच्या हिनं घराचे कवेलू झिंग्याइले देले!"

* * *

मग आली पावडर. जीवनसत्त्वं, खनिजं, यीस्ट, असं बरंच काही असलेली, पिवळी, उग्र वासाची. मोठ्ठा पत्र्याचा डबा. यानं माशाचं वजन झपाट्यानं वाढतं, अशी बातमी दोन दिवसांत गावभर झाली. कुणी बैलासाठी मागायला आला, कुणी म्हशीसाठी. एक दिवस गावातले गुरुजी आले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत नव्हतं. पोरगं फार वाळलेलं.

"साहेब, वाटीभर द्या. उपकार होतील."

साहेब कळवळून म्हणाले, "गुरुजी, अहो ही माशांसाठी आहे!"

"मंग काय झालं साहेब? पोहते चांगलं पोरगं!"

* * *

खात्याकडून चिखलात वापरायचे गमबूट आले. एकच जोड. कायम असलेल्या कर्मचाऱ्यासाठी. रामदास ते घालून आठवडी बाजारालाही जायचा! महादेवराव दिवसभर अनवाणी पाण्यात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, रात्री शांताबाई गरम तेल लावायची. साहेबांनी त्यांच्यासाठी एक जोड मागवला. कागद परत आला: "रोजंदारी मजुरास देय नाही."

साहेबांनी तो कागद चुरगळून टाकला. मग मीच तो सरळ करून फायलीला लावला. नोकरी माझीही होती.

त्या दिवशी साहेबांनी महादेवरावांना समोर बसवलं.

"हे बघा, आपण पावडरीचा प्रयोग करतोय. शेजारशेजारची दोन तळी. दोन्हीकडे रोहूची सारखीच बोटुकली पिल्लं. एका तळ्यात ढेप, कोंडा आणि पावडर. दुसरं साधं, नुसती ढेप आणि कोंडा. उन्हाळ्यात नागपूरचे मोठे साहेब येतील, त्यांच्यासमोर वजन करू. पावडरीचे मासे भारी निघाले की मी तुमचं नाव पुढे करणार. तुम्हाला कायम करा म्हणून सांगायला मला तोंड मिळेल. फक्त साध्या तळ्यात पावडर जाऊ द्यायची नाही. समजलं?"

"समजलं साहेब," महादेवराव म्हणाले.

मी रोज पावडर मोजून द्यायचो. डबा अगदी हिशोबात उतरत गेला.

* * *

उन्हाळ्यात मोठे साहेब आले. दोन्ही तळ्यांत जाळी फिरली. पावडरीच्या तळ्यातले दहा रोहू तराजूत टाकले. छान भरले! ठोंबरे साहेब खुशीत आले. मग साध्या तळ्यातले दहा टाकले.

काटा तिथेच!

"पुन्हा दहा काढा," ठोंबरे साहेब म्हणाले. पुन्हा तेच. त्यांनी तराजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग महादेवरावांकडे. महादेवराव जाळ्याचं टोक धरून खाली बघत उभे.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "पावडर रोज टाकत होता?"

"हो साहेब."

"या तळ्यात?"

"या तळ्यात."

"आणि त्या?"

"त्या बी तळ्यात. अर्धी अर्धी."

मग महादेवरावच म्हणाले, "साहेब, दोन्ही तळ्याच्या मधात पाळ एकच हाये. मी इकडे टाकाले लागलो का तिकडचे बी काठाले येऊन तोंड वासत. आठ दिवस पाह्यलं. मंग नाई राह्यवलं. एकाच पंगतीत एकाले वाढाचं अन् दुसऱ्याले पाहाले लावाचं, असा पंक्तिप्रपंच माह्या हातून नाई होत."

शांताबाईनं पदर तोंडाला लावला. वर्षाचा प्रयोग पाण्यात गेला होता आणि त्याच्याबरोबर त्यांची नोकरीही, हे तिलाही कळत होतं. मला महादेवरावांचा भयंकर राग आला. आणि खरं सांगतो, त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

मोठे साहेब जाळ्याकडे बघत होते. एका टोकाला रामदास, पायात गमबूट. दुसऱ्या टोकाला महादेवराव, अनवाणी.

"यांना बूट का नाहीत?"

"रोजंदारीवर आहेत, सर. देय नाही," ठोंबरे साहेब म्हणाले.

"आणि त्याला?"

"तो कायम आहे."

"काम?"

"सारखंच, सर."

"हं," मोठे साहेब म्हणाले. जीपमध्ये बसताना एवढंच बोलले, "ठोंबरे, प्रयोग फसला असं लिहा. का फसला तेही लिहा. हा माणूस बोलला तसंच्या तसं लिहा."

ठोंबरे साहेबांनी ते चारदा खोडून पाचव्यांदा लिहिलं. मी टाइप केलं. पंक्तिप्रपंच हा शब्द सरकारी रिपोर्टात मी पहिल्यांदाच टाइप करत होतो.

पोळ्याच्या सुमारास कागद आला. महादेवराव कायम! ठोंबरे साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. रामदासनं गावात पेढे वाटले. पंधरा दिवसांनी महादेवरावांच्या नावावर नवे कोरे गमबूट आले. मी सही घेतली आणि त्यांच्या हातात दिले. बूट छातीशी धरून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीतून उतरून तळ्यावर आलो. रात्री पाऊस झाल्यानं पाळीवर घोट्याएवढा चिखल. महादेवराव खोकत खोकत खाद्य टाकत होते, मागे शांताबाई गोळ्यांची पाटी घेऊन. दोघंही लंगडत होती. मी घाबरून जवळ गेलो.

महादेवरावांच्या उजव्या पायात नवा बूट होता. डावा शांताबाईच्या पायात.